तिसरी रेघ की चौथी

मला थुंकीची किळस येते, आणि ती मी कधी लपवलेली नाही. बसच्या खिडकीतून कोणी पिंक टाकली की मी दोन दिवस त्या फुटपाथवरून जात नाही. नवरा म्हणतो, तुझ्यासाठी वेगळं शहर वसवायला हवं. त्यामुळे जे. पी. नगरातल्या आमच्या इमारतीत ट्रॉम्बोन वाजवणारे अंकल राहायला आले, तेव्हा मला त्यांच्या आवाजाचा काही त्रास झाला नाही. त्रास झाला तो त्या वाद्यातून गळणाऱ्या पाण्याचा.

ट्रॉम्बोन म्हणजे बँडमधलं ते लांबलचक पितळी वाद्य, ज्याची नळी वाजवणारा पुढेमागे सरकवत असतो. फुंकून फुंकून त्या नळीत पाणी साठतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी अंकल वाद्य खाली करत, टोकाची बारीक कळ दाबत आणि ते पाणी पायाशी पसरलेल्या जुन्या टॉवेलवर फुर्रकन सोडत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात त्यांच्या बायकोने दिलेली कॉफी होती. वास छान येत होता. पण पेला मी तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला, आणि निघताना तो तिथेच गार झालेला होता.

मी गेले होते तक्रार घेऊन. दुपारी दोन ते चार वाजवू नका, एवढंच सांगायचं होतं. इमारतीच्या ग्रुपवर सगळ्यांनी बोटं मोडली आणि सांगायला धाडलं मला, कारण मला कन्नड बऱ्यापैकी येतं आणि माझं तोंडही कडक आहे. कन्नडची गरजच पडली नाही. अंकल बेळगावकडचे, सगळी नोकरी फौजी बँडमध्ये काढलेली. माझं पहिलंच वाक्य ऐकून म्हणाले, मराठी बोला की अक्का, जीव कशाला दमवताय. मग म्हणाले, दोन ते चार बंद, सरी, कबूल. माणूस इतक्या चटकन कबूल झाला की मला उठता येईना.

तेवढ्यात त्यांना कळलं की मी पेटी वाजवते. जयनगरात आम्हा मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात बावीस वर्षं पेटी माझ्याकडे आहे. ते ऐकल्यावर अंकलनी विचारलं की मला पाच रेघांचं नोटेशन वाचता येतं का. त्यांच्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. माणूस समोर आला तर खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. कागद वाचण्याचा प्रश्नच नव्हता.

शाळेत असताना मी एका बाईंकडे दीड वर्ष पियानो शिकले होते. त्या दीड वर्षाच्या जोरावर मी म्हणाले, येतं की. उचलली जीभ लावली टाळ्याला.

वाचायचा होता एकच कागद. अंकलच्या लग्नात त्यांच्या बँडमास्तरांनी नवरीसाठी स्वतः एक धून बांधली होती आणि ती स्वतःच ट्रॉम्बोनवर वाजवली होती. मग तो हाताने लिहिलेला कागद नवरदेवाला भेट दिला. आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. मुलीने जयनगरात एक छोटा हॉल घेतला होता, आणि अंकलना त्या दिवशी बायकोसमोर तीच धून वाजवायची होती. सुरुवात त्यांना आठवत होती, निदान तसं त्यांना वाटत होतं. पण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या थोरल्या भावाला विसरण्याचा आजार झाला होता. तोही बँडवालाच. तो भाऊ आधी धुना विसरला, मग घरचा रस्ता, मग बायको.

"डोळे गेले तर गेले, अक्का," अंकल मला म्हणाले, "डोकं राहू दे म्हणतो मी."

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही.

कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे पहिली ओळ सुरू होते नेमका तिथे, तपकिरी डाग. पसरट, कडेला गडद झालेला. टॉवेल पायाशीच पडला होता. तो डाग कशाचा असणार हे मी लगेच ठरवून टाकलं. मी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला, तोही हात लांब करून, मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तसा. अंकलना ते दिसत नव्हतं. त्यांच्या बायकोला दिसत होतं. ती दारात बसून पालेभाजी निवडत होती.

आता थोडं त्या पाच रेघांबद्दल सांगायला हवं. नुसत्या रेघांना काही अर्थ नसतो. ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते, तिला क्लेफ म्हणतात. कुठल्या रेघेवर कुठला सूर बसतो ते ती सांगते. पियानोच्या बाईंनी मला दोन खुणा शिकवल्या होत्या, त्या नेहमीच्या, सगळ्यांना माहीत असलेल्या. या कागदावर तिसरीच होती. दोन उभ्या दांड्या आणि त्यांना चिकटून इंग्रजी के काढावा तसं काहीतरी. मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं. एक गोरा मुलगा दात काढून समजावत होता की या खुणेची कंबर ज्या रेघेवर येते तो मधला सी, म्हणजे आम्हा पेटीवाल्यांची पांढरी एक. गंमत अशी की ही खूण एका जागी राहत नाही. कंबर तिसऱ्या रेघेवर असली तर तिला आल्टो म्हणतात, चौथ्या रेघेवर असली तर टेनर. ट्रॉम्बोनवाले बहुतेक टेनर वाचतात, असं तो म्हणाला. मला तेवढं पुरलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच, आणि माझ्याकडे अर्धंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंकलनी पहिलाच प्रश्न विचारला तो नेमका हाच. क्लेफ कुठली आहे, बघा की. मास्तर कधी आल्टो लिहायचे, कधी टेनर, त्यांच्या मर्जीवर होतं.

मी कागद लांब धरला. खुणेची कंबर डागात बुडाली होती. बँडमास्तरांनी आळसाने ती खूण फक्त पहिल्या ओळीला काढली होती, त्यामुळे खालच्या ओळींवर ताडून बघायची सोय नव्हती. नीट बघायचं तर कागद डोळ्यांजवळ न्यायला हवा होता, खिडकीच्या उजेडात धरायला हवा होता. मी म्हणाले, टेनर.

आणि मनात काय म्हणाले तेही सांगते, कारण खरी लाज तिथे आहे. मी म्हणाले, एखाद्या रेघेचा फरक पडला तर काय बिघडतं? फार तर पट्टी बदलेल. आमच्या मंडळात एकीची पट्टी काळी चार, दुसरीची काळी पाच, तिसरीला सर्दी झाली की पांढरी चार. सा कुठेही धरा, अभंग तोच राहतो. आयुष्यभर हेच केल्यावर मला वाटलं, कागदावरही तसंच असणार.

मी एकेक सूर अक्षराने वाचायचा आणि अंकलनी तो वाजवून पाठ करायचा, असं ठरलं. पहिल्या चार सुरांनंतरच ते थांबले. नळी तशीच पुढे धरलेली.

"असं होतं काय हो हे?"

"कागदावर असंच आहे," मी म्हणाले.

"सरी," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

पंधरा दिवस मी रोज सकाळी जात होते. धून हळूहळू उभी राहिली, आणि ती रडकी होती. मला ती आवडली, हे आणखी एक. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की बँडमास्तर मोठा दर्दी माणूस असणार, लग्नाच्या धुनेत त्याने आसावरी आणली आहे, मुलीची पाठवणी डोळ्यांसमोर ठेवली असेल. म्हणजे माझ्या चुकीवर मीच रसग्रहण करून मोकळी झाले. आज ते आठवलं की जेवण नकोसं होतं.

अंकलची बायको एकदा भाजीचं ताट बाजूला ठेवून उठून आली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे नव्हं ते. माझ्या लग्नातलं हसरं होतं."

उत्तर दिलं मी. मी तिला समजावलं, चांगलं मऊ आवाजात समजावलं, की पन्नास वर्षांत आपली आठवण बदलते, आनंदाच्या दिवशी ऐकलेलं सगळंच आपल्याला हसरं वाटतं, कागद मात्र बदलत नाही. ती परत भाजीच्या ताटाशी जाऊन बसली. अंकल म्हणाले, मलाही हसरंच आठवतंय, म्हणजे दोघांचंही डोकं चाललंय की काय. आणि हसले. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

त्यानंतर ते रोज एकदा तरी विचारत, असंच आहे ना? मी म्हणे, असंच आहे. धून पूर्ण झाली तेव्हा मी कागद पिशवीत घातला, घरी येऊन साबणाने दोनदा हात धुतले आणि आपण एका म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगी पडलो म्हणून दिवसभर फुगून बसले.

तीनेक आठवडे गेले. मंडळाच्या तालमीला एक नवीन मुलगी यायला लागली होती, नागपूरची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. तिला पेटी शिकायची होती. तिला मी एक सोपं भजन पांढरी एकपासून बसवून दिलं होतं, सगळं पांढऱ्या पट्ट्यांवर. त्या दिवशी गाणाऱ्या बाईंचा घसा बसला होता, त्या म्हणाल्या खाली घ्या, पांढरी सहाला. मुलीने बोटं उचलली, दोन पट्ट्या डावीकडे सरकवली आणि तशीच पांढऱ्यांवर वाजवत सुटली. भजन एकदम रडायला लागलं. बायका खोखो हसल्या. एक म्हणाली, अगं बारशाचं गाणं दहाव्याचं केलंस की.

"पट्टीच तर चेंज केली ना मॅम," मुलगी गोंधळून म्हणाली, "सेम कीज खाली घेतल्या."

मी शिकवण्याच्या सुरात म्हणाले, "नुसती बोटं सरकवून पट्टी बदलत नाही. काळ्या घ्याव्या लागतात. त्या न घेता सरकलीस तर पट्टी नाही, राग बदलतो. सगळं तेच दिसतं आणि सगळं चुकतं."

वाक्य पुरं होईपर्यंत मला अंकलचा कागद आठवला. बावीस वर्षं मला हे पाठ होतं. मी मुलीला बाजूला सारलं आणि अंकलची धून, जी मला आता तोंडपाठ होती, तेवढ्याच दोन पट्ट्या उजवीकडे सरकवून पांढऱ्यांवर वाजवली. नाचत, उड्या मारत एक धून निघाली. बायकांनी ठेका धरला. कुणीतरी विचारलं, काय छान आहे हो, कुठली?

तिसरी रेघ. ती खूण तिसऱ्या रेघेवर होती.

माझी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या डिझाइन विभागात गेली. काम काय, तर दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासणं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते, चित्र कुठल्या बाजूने बघून काढलंय ते सांगणारी. ती न बघता ड्रॉइंग वाचणाऱ्या पोरांना मी सगळ्यांदेखत झाडायची. खूण उलटी वाचली तर डावं उजवं होतं आणि तुकडा भंगारात जातो, हे मी किती जणांना ऐकवलं असेल. आणि स्वतः मात्र दोन बोटांच्या चिमटीत कागद धरून टेनर म्हणून मोकळी झाले.

मी लगेच गेले नाही. हेही लिहायलाच हवं. दोन दिवस मी जिना उतरताना त्यांच्या दारासमोरून पाय न वाजवता गेले. मनाला सांगत होते की धून गोड तर आहे, हॉलमध्ये कुणाला कळणार आहे. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की खालून आवाजच येत नाही. ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, शेवटी शांतता मिळाली म्हणून. त्याखाली सात जणांनी अंगठे टाकले होते.

दार बायकोने उघडलं. अंकलनी वाजवणं सोडलं होतं, ट्रॉम्बोन त्याच्या खोक्यात बंद होऊन दाराशी ठेवलेला होता. रविवारी मुलगी येऊन घेऊन जाणार होती, आणि त्या दिवशी शनिवार होता. मागच्या आठवड्यात अंकल मुलीबरोबर डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी त्यांना वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. अंकलना सगळं आलं. डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही. पण अंकलनी ते मानलं नाही. भावालाही सुरुवातीला वार सांगता यायचा, म्हणाले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आग माझ्या घरात होती आणि पाणी त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर ओतलं जात होतं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "अंकल, चूक माझी आहे. ती क्लेफ आल्टो आहे, मी टेनर वाचली. तुम्हाला हसरी धून आठवत होती ती बरोबर होती."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मान वळवली, डोळ्याच्या कडेने माझे खांदे शोधले आणि शांतपणे म्हणाले की बायकोने सांगितलं का तुम्हाला येऊन असं बोलायला. मी म्हणाले नाही. ते म्हणाले, मन राखायला बोलताय, कळतं मला. पंधरा दिवस तुम्ही रोज सांगितलं, कागदावर असंच आहे. आता कागद बदलला काय?

त्यांना कागद दिसत नव्हता. त्यांच्यापाशी माझ्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तो शब्द मीच नासवून ठेवला होता.

शेवटी बायकोने खोकं उघडलं, वाद्य जोडून त्यांच्या हातात दिलं आणि कन्नडमध्ये दोन कडक शब्द सुनावले. मी पिशवीतून कागद काढला. या वेळी तळहातावर पसरून धरला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांना भिडवला. डागाच्या खाली शाई होती, फिकट पण होती. के अक्षराच्या दोन तंगड्या मधल्या रेघेवर मिळत होत्या. थोडं लक्ष दिलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या. मी फक्त पहिले चार सूर वाचले, तिसऱ्या रेघेवरून, आणि मुद्दाम गप्प बसले.

अंकलनी ते चार वाजवले. थांबले. पुन्हा वाजवले. मग पाचवा आला, सहावा आला, आणि नळी आपोआप पुढेमागे जायला लागली. मी कागदावर बोट ठेवून मागून चालले होते. दुसरी ओळ, तिसरी ओळ, मधला अवघड उतार, ज्याची त्यांना सगळ्यात भीती होती, आणि शेवटची उडी. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. बायको भिंतीला टेकून उभी होती, पाय हलत होता.

वाद्य खाली करून त्यांनी सवयीने कळ दाबली. टॉवेल नव्हता. पाणी फरशीवर पडलं, माझ्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर. मी पाय मागे घेतला नाही. घ्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

"अक्का," अंकलनी विचारलं, "पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, क्लेफ कुठली. तेव्हा तुम्ही बघितलं होतं?"

"नाही."

"का?"

"डाग होता त्यावर. मला वाटलं तुमच्या वाद्यातलं पाणी सांडलंय. किळस आली, म्हणून लांब धरला कागद."

त्यांची बायको आली, माझ्या हातातून कागद घेतला आणि पदराने त्याचा कोपरा पुसला, जणू मी तो मळवला होता.

"ती माझी कॉफी," ती म्हणाली. "लग्नादिवशी मास्तरला द्यायला घेऊन गेले. हात कापत होता माझा, सांडली कागदावर."

मग ती आत गेली. येताना तिच्या हातात कॉफीचा एकच पेला होता, आणि तो तिने नवऱ्याला दिला.